सर्वानुमते

"आत या, पण ती संत्री परत गाडीला लावून या," थोआ म्हणाली.

क्वेन लाँड्रीच्या दारात थबकला. हातात लाल प्लॅस्टिकची जाळी, आत दहा-बारा संत्री, आणि चेहऱ्यावर ते हसू, जे तो डिसेंबर सोडून बाकीचे महिने घरी ठेवून यायचा. जिल्हा रुग्णालयाच्या स्वच्छता विभागाचा तो प्रमुख. थोआ त्याच्या हाताखालची, पण वयाने मोठी. म्हणून तो तिला ताई म्हणायचा आणि ती त्याला चारचौघांत साहेब, एरवी भाऊ.

"ताई, सासुरवाडीच्या बागेतली आहेत. खास तुमच्या आईसाठी आणली."

"आईला आंबट चालत नाही."

"गोड आहेत हो."

"मग तर अजिबातच नको. साखर आहे तिला."

क्वेनने जाळी या हातातून त्या हातात घेतली. थोआ मशीनमधून ओल्या चादरी ओढून काढत राहिली. तिला तो काय बोलणार ते पाठ होतं. डिसेंबरात लाँड्रीत संत्री आली की त्यांचा अर्थ एकच असतो. वर्षअखेरीला प्रत्येक विभागातून एक आदर्श कर्मचारी निवडायचा, एकच, आणि तोही सर्वांच्या संमतीने. तेव्हा ज्याला तो मान हवा असेल त्याने, ज्याचा हक्क आधी आहे त्याच्याकडे सभेच्या अगोदर जायचं, इकडचं तिकडचं बोलायचं, आपली अडचण सांगायची आणि निघताना संत्री ठेवायची. समोरच्याने संत्री ठेवून घेतली की झालं. सभेत मग कोणी वाद घालत नाही, सगळं गुण्यागोविंदाने पार पडतं. या विभागात हक्क आधी असलेला माणूस म्हणजे थोआ, आणि संत्री ठेवून घेणारा माणूस म्हणजेही थोआच. सगळी नोकरी तिने अशी संत्री सोलण्यात घालवली होती.

"यंदा माझं सलग तिसरं वर्ष होईल," क्वेन म्हणाला. "तिसऱ्या वर्षी नाव प्रांताला जातं. प्रांताला नाव गेलं की, तुम्हाला माहीतच आहे, उपसंचालकांची जागा रिकामी होतेय. यात माझं एकट्याचं काय आहे, ताई? विभागाचंच नाव होणार."

"भाऊ, तेतचा सण झाला की मी रिटायर होतेय."

"तेच तर म्हणतो मी. तुम्हाला आता त्या कागदाचा काय उपयोग?"

थोआने चादर टोपलीत आपटली. जुने प्रमुख निवृत्त व्हायला निघाले होते, त्या वर्षी हाच क्वेन तिच्याकडे त्यांच्या वतीने संत्री घेऊन आला होता. तेव्हा म्हणाला होता, ताई, म्हातारा माणूस शेवटच्या वर्षी रिकाम्या हाताने घरी जाणार का? तेव्हा शेवटचं वर्ष हे द्यायचं कारण होतं. आता तेच न द्यायचं कारण झालं होतं. तिला इतका संताप आला की बोलायला शब्दच सापडेनात, आणि शब्द सापडेनात याचाही आणखी संताप आला.

"यंदा नाही," ती म्हणाली. "यंदा मला हवंय. संत्री घेऊन जा."

क्वेन हसला. ताईंची थट्टा आहे अशी त्याची समजूत झाली असावी. पण ती हसली नाही तेव्हा तो गडबडला, जाळी घेऊन वळला आणि जाता जाता दारातल्या बादलीला अडखळला.

घरी गेल्यावर तिने आईला हे सांगितलं, तेव्हा म्हातारी कितीतरी वेळ टाळ्या पिटत होती. आई ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी अधू, कानांनी मात्र तल्लख. घरात दोघीच. थोआचं लग्न झालं नव्हतं, धाकटा भाऊ सायगॉनला. पुढच्या खोलीतली अख्खी भिंत वडिलांच्या प्रशस्तिपत्रकांनी भरलेली होती. वडील दाय नदीवर होडी चालवायचे, सहकारी संस्थेत. दरवर्षी एक कागद, लाल किनारीचा, गोल शिक्क्याचा. कागद पिवळे पडले, काचांना आतून बुरशी आली, पण आई दर तेतला त्या चौकटी उतरवून पुसायची आणि शेजारीपाजारी आले की नवऱ्याने कोणत्या पुरात किती माणसं पार नेली ते सांगायची. ऐकून ऐकून शेजाऱ्यांनाही ते पाठ झालं होतं. मग कोणीतरी विचारायचंच, आणि थोआला काय मिळालं? आई म्हणायची, तिला संत्री मिळतात.

हे ती हसून म्हणायची, पण थोआला ते दर वर्षी लागायचं. ती फार मोठं काही मागत नव्हती. इतकी वर्षं लोकांच्या रक्ताच्या, पुवाच्या, मुताच्या चादरी धुतल्या. बाळंतिणींच्या खाली कधी ओली चादर जाऊ दिली नाही. हे कोणीतरी एकदा कागदावर लिहावं, खाली शिक्का मारावा आणि तो कागद बापाच्या कागदांशेजारी लागावा, एवढंच.

"खिळा मार," आई म्हणाली.

"आधी मिळू तर दे."

"मार म्हणते ना. तुझ्या बापाच्या उजव्या हाताला जागा आहे. मी हाताने चाचपून बघितलीय."

थोआने खिळा मारला. आईने बोटांनी तो तपासला, सरळ आहे का वाकडा.

"आता तोंड सांभाळ," आई म्हणाली. "तिथे कोणी गोड बोललं की तू विरघळतेस. 'नको, राहू दे, दुसऱ्या कोणाला द्या' असं काही तुझ्या तोंडून निघता कामा नये. म्हणून दाखव बघू, मला हवंय."

"मला हवंय."

"जोरात."

"मला हवंय, आई. भांड्यांनाही ऐकू गेलं."

पुढचे काही दिवस थोआ लोकांना आठवण करून देत फिरली. हे तिला जमण्यातलं नव्हतं. पण बॉयलरवरच्या वुओंगला तिने चहाला गाठलंच. वुओंग तिच्याहून जेमतेम वर्षाने लहान. त्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं त्या वर्षी व्याही घर बघायला येणार होते आणि त्याच्या भिंतीवर फक्त कॅलेंडर होतं. थोआने आपला मान त्याला दिला होता, व्याह्यांनी तो कागद बघितला होता, आणि आता त्या मुलीला दोन मुलं होती.

"थोआ, तुझ्यासाठी नाही तर कोणासाठी हात वर करणार?" वुओंग म्हणाला. "क्वेनच्या नावाला मी हात खिशातून काढायचा नाही. लिहून घे."

"लिहून कशाला घेऊ? तुझ्यावर भरवसा नाही का माझा?"

"बाकीच्यांना पण मी बजावून ठेवतो."

न्हान तर स्वतःहूनच आली. न्हान शस्त्रक्रियागृहाचे कपडे सांभाळायची आणि युनियनची प्रतिनिधीही होती, म्हणजे सभा तीच चालवणार होती. कंत्राटावरून कायम व्हायला तिला आदर्श कर्मचाऱ्याचा कागद लागत होता, त्या वर्षी थोआनेच तिच्यासाठी आपला हक्क सोडला होता.

"ताई, तुमचं नाव मी मांडते," ती म्हणाली. "साहेबांचंही मांडावं लागेल, त्याला इलाज नाही. पहिलं त्यांचं, हुद्द्याप्रमाणे. त्यांच्या नावाला कोणीच हात वर केला नाही की मग मी तुमचं घेते. बस्स. फक्त तुम्ही ऐन वेळी माघार घेऊ नका. तुमचा काही नेम नाही."

"घेणार नाही."

"शपथ?"

"आईची," थोआ म्हणाली. "आणि ती ऐकतेय असं समज."

सभा शनिवारी दुपारी भरली. खोलीच्या टोकाला लाल कापडी फलक, टेबलावर हिरव्या चहाची किटली आणि भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया. बिया फोडायचा आवाज एवढा होता की क्वेनचं वर्षभराच्या कामगिरीचं भाषण कोणाला धड ऐकू आलं नाही, आणि कोणाचं काही अडलंही नाही. मग प्रत्येकाने आपापलं मूल्यमापन वाचलं. त्यातही रीत ठरलेली होती. आपण स्वतःला 'समाधानकारक' म्हणायचं, मग कोणीतरी म्हणायचं, छे, हे फारच नम्र आहेत, यांना 'उत्तम' लिहा. सगळ्यांनी आपल्याला समाधानकारक म्हटलं आणि सगळ्यांना उत्तम करण्यात आलं.

थोआची पाळी आली. तिने उभी राहून सरळ वाचलं, "उत्कृष्ट."

बिया फोडायचं थांबलं. क्वेनने चहाचा कप तोंडाशी नेला होता, तो तिथेच राहिला.

न्हान गालातल्या गालात हसली आणि म्हणाली, "हरकत आहे कोणाची? नाही. मग आदर्श कर्मचाऱ्यासाठी दोन नावं आहेत. क्वेनसाहेब, आणि थोआताई. ताई, तुमचं काही म्हणणं?"

इथेच दर वर्षी ती घसरायची. क्वेनने मान तिरकी करून तिच्याकडे असं बघितलं की जणू तोच निवृत्त व्हायला निघाला आहे. थोआच्या तोंडात 'राहू दे' येऊन बसलं होतं, तिने ते गिळलं.

"मला हवंय," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा आला. "आजवर मी कधी मागितलं नाही. या वर्षी मागते. माझं काम तुम्ही सगळ्यांनी बघितलंय."

ती खाली बसली. आत कुठेतरी गार वाटत होतं. झालं. बोलून झालं. आईला आता सांगता येईल की पोरगी विरघळली नाही. समोर वुओंगने दोन्ही हात मुद्दाम जॅकेटच्या खिशात घातलेले तिने बघितले, आणि तिला एवढं बरं वाटलं की पुढचं तिने नीट ऐकलंही नाही.

"तर मग हुद्द्याप्रमाणे," न्हान म्हणाली. "पहिलं नाव, क्वेनसाहेब. ज्यांची संमती असेल त्यांनी हात वर करावेत."

आता या विभागात थोआ सर्वांत मोठी. जेवायला बसल्यावर तिने काड्या उचलल्याशिवाय कोणी घास घेत नसे, आणि सभेत तिचा हात वर गेल्याशिवाय कोणाचा हात वर जात नसे. हे कोणी ठरवलं नव्हतं. मोठ्या माणसाच्या आधी हात वर करणं बरं दिसत नाही, एवढंच. त्यामुळे न्हानचं वाक्य संपलं की सगळ्यांनी थोआकडे बघायचं आणि थोआने हात वर करायचा, हे इतक्या वेळा झालं होतं की त्यात विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सगळ्यांनी थोआकडे बघितलं. थोआचा हात वर गेला.

तो चांगला सरळ गेला, कोपर ताठ, बोटं जुळलेली. सगळी तयारी तोंडाची झाली होती, हाताला कोणी काही सांगितलं नव्हतं. न्हानच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला तेव्हा थोआच्या लक्षात आलं की काहीतरी झालंय. ते काय हे कळायच्या आत पलीकडच्या दोघींचे हात वर गेले होते. मग मागच्या रांगेचे. वुओंगने तिच्याकडे बघितलं, भुवया उंचावल्या, एक हात खिशातून काढला आणि तोही वर केला.

"सर्वानुमते," सचिवाने लिहून घेतलं. सर्वांची संमती एका नावाला मिळाल्यावर दुसरं नाव पुकारायचं कारणच नव्हतं.

"थांबा," थोआ उठून म्हणाली. "माझा हात चुकून वर गेला."

सगळी खोली हसली. हसू प्रेमाचं होतं, त्यात वाईट काही नव्हतं.

"ताई, हात काय चुकून जातो?" कोणीतरी म्हणालं.

"खरंच चुकून गेला. मला माझ्यासाठी करायचा होता."

ते आणखी हसले. क्वेन टेबलाला वळसा घालून आला आणि त्याने तिचा तोच हात आपल्या दोन्ही हातांत धरला. त्याचे डोळे खरोखर ओले होते. "आधी आपला हक्क सांगितला आणि मग स्वतःहून सोडला," तो सगळ्यांना म्हणाला. "मला तर बोलायलाच सुचत नाही. असं मन कोणाचं असतं?" मग टाळ्या झाल्या. थोआला वाटलं, हात हिसकावून घ्यावा आणि या माणसाच्या डोक्यात किटली घालावी. पण हात त्याच्या मुठीत होता आणि किटली लांब होती.

बॉयलरच्या मागे वुओंग आणि न्हान तिची वाटच बघत होते, आणि दोघेही तिच्यावर भडकले होते.

"मी हात खिशात घालून बसलो होतो," वुओंग म्हणाला. "थंडी नसताना. घाम फुटला होता मला. आणि तू काय केलंस?"

"मग तू कशाला काढलास?"

"तुझा वर गेला ना! म्हटलं हिचं आणि क्वेनचं आतून काही ठरलं असेल. आपण एकटेच कशाला वाईट दिसायचं?"

"ताई, तुम्ही आईची शपथ घेतली होती," न्हान म्हणाली. तिला रडू येत होतं. "सगळ्यांना मी तयार केलं होतं. एकाचा हात वर जाणार नव्हता. एकाचा. सगळे तुमच्यासाठी बसले होते, आणि तुम्हीच."

"मी शपथ तोंडाची घेतली होती."

"ताई, आता थट्टा सुचते का तुम्हाला?"

थोआला थट्टा सुचत नव्हती. तिला हेच म्हणायचं होतं, अगदी हेच, पण ते कसं समजावून सांगायचं कळत नव्हतं. तिने उजव्या हाताकडे बघितलं. सोड्याने कातडी सोललेली, बोटांच्या पेरांशी चिरा. चांगला हात होता. याच हाताने तिला आयुष्यभर जेवू घातलं होतं, आणि आज तो तोडून टाकावा असं तिला झालं होतं.

"मग आता पुन्हा घ्या ना मत," ती म्हणाली. "चूक झाली म्हणावं."

न्हानने डोळे पुसले. "सचिव कागद वर देऊन आला. सर्वानुमते झालेलं कसं फिरवणार? संचालक विचारतील, सर्वानुमते म्हणजे ताईंचंही मत होतं ना? काय सांगू मी?"

वुओंगने सिगारेट पेटवली, मग बॉयलरपाशी मनाई आहे हे आठवून विझवली. "मुलीला सांगतो आज," तो म्हणाला, "तिच्या लग्नातला तो कागद खरा कोणाचा आहे ते." थोआ म्हणाली, नको, सांगू नकोस, आणि लगेच तिलाच आपला वैताग आला, कारण हे 'नको' पुन्हा आपोआपच निघालं होतं.

तिची सायकल फाटकापाशी होती. हँडलला लाल जाळी अडकवलेली होती. आत संत्री, आणि वर क्वेनने दोन जास्तीची कोंबलेली, त्यामुळे जाळी फाटायला आली होती. रस्त्यात कालवा लागतो तिथे ती उतरली. जाळी काढून हातात घेतली. पण संत्री चांगली होती, पानं अजून हिरवी होती, आणि फेकून द्यायची तिला सवय नव्हती. तिने जाळी पुन्हा हँडलला लावली.

आई पुढच्या खोलीतच बसली होती, भिंतीकडे तोंड करून.

"मिळालं?"

"नाही."

"तू नको म्हणालीस."

"नको नाही म्हणाले. मला हवंय म्हणाले, जोरात. सगळ्यांनी ऐकलं."

"मग?"

थोआ तिच्याजवळ खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं, हात वर गेला इथपर्यंत. तिला वाटलं आई हसेल किंवा शिव्या देईल. आईने थोआचा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, वर-खाली चाचपला, खिळा चाचपला होता तसाच, आणि बोटांच्या चिरांवरून अंगठा फिरवत राहिली.

"दुखतो का गं?" तिने विचारलं.

"थंडीत दुखतो."

"खोबरेल लावत जा."

थोआ मग रडली. फार नाही, पण रडली. आईने हात सोडला नाही.

बऱ्याच वेळाने आईने नाक वर केलं. "संत्र्यांचा वास येतोय."

"क्वेनने दिलीत."

"मेल्याची आहेत, पण आहेत. जमिनीवर ठेवू नकोस, परवा उंदरांनी रताळी खाल्ली. वर टांग."

"कुठे टांगू?"

"तो खिळा आहे ना."

थोआ उठली. खिळा मजबूत बसला होता, वजन घेईल असं वाटत होतं. तिने वडिलांच्या शेवटच्या चौकटीच्या बाजूला जाळी अडकवली, जाळी जरा डोलली, तर तिने ती हाताने स्थिर केली आणि दिवा लावायला आत गेली.